दुय्यम भूमिकेचा मान

ठाणें-कल्याणकडील शाळांच्या स्नेहसंमेलनांत राजाची भूमिका प्रत्येकास हवी असते. पहारेकऱ्याची कोणासच नको. पालकहि तींत कमीपणा मानतात. हा समज चुकीचा होय. १९७५ सालचा 'पांडू हवालदार' हा विनोदी चित्रपट पहा. दादा कोंडके त्याचे दिग्दर्शक व नायकहि. परंतु सखाराम हवालदाराच्या दुय्यम भूमिकेंत अशोक सराफ यांनीं प्रेक्षकांचीं मनें जिंकलीं. २०२५ सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. मात्र नायकाचें औदार्यहि स्मरणीय आहे. सोबत्याचे प्रसंग आंखडतें घेणें दादांच्या हातीं होतें. तसें न केल्यानें चित्रपट अधिकच रंगला. विद्यार्थी मित्रहो, लहान भूमिका मन लावून करा. आणि नायक झालांत, तर सोबत्यासहि पुढें येऊं द्या.