नोटीस मराठीत आहे, पण वाचता येते का? झूम आणि फॉन्ट साइझमधला फरक

गेल्या महिन्यात आमच्या मीरा रोडच्या सोसायटीत एक नोटीस लागली. पुनर्विकासाच्या मसुद्यावर सभासदांनी लेखी सूचना द्यायच्या होत्या, मुदत ११ तारखेपर्यंत. तळमजल्यावरच्या काकांनी ती १९ वाचली. १७ तारखेला ते दोन पानी अर्ज घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेले, तोवर बाकीच्यांच्या सूचना बिल्डरकडे पोचल्याही होत्या. "अरे, चष्मा लावून वाचलं होतं रे मी," काका मला जिन्यात म्हणाले.

मी जाऊन नोटीस बघितली. अक्षर इतकं बारीक, की माझ्या तिशीच्या आतल्या डोळ्यांनाही १ आणि ९ वेगळे करायला वेळ लागला. सेक्रेटरींना विचारलं, तर त्यांनी कॉम्प्युटरवर फाइल उघडून दाखवली. "हे बघ, किती मोठं टाइप केलंय!" आणि खरंच, स्क्रीनवर सगळं ठसठशीत दिसत होतं. खाली उजव्या कोपऱ्यात झूम १७० टक्के होता. फॉन्ट साइझ होता ९.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, त्यामुळे हा गोंधळ ऑफिसात, घरी, सायबर कॅफेत सगळीकडे बघतो. पण त्यामुळे एखाद्याचं म्हणणं घराच्या निर्णयातून बाहेर राहू शकतं, हे पहिल्यांदा बघितलं. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार सोसायटीच्या पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते. ती संमती कागद वाचूनच द्यायची असते ना?

झूम नक्की काय करतो?

झूम म्हणजे भिंग. भिंग कागदावर धरलं की अक्षर मोठं दिसतं, पण कागदावरचं अक्षर आहे तेवढंच राहतं. वर्डमध्ये झूम १० ते ५०० टक्क्यांपर्यंत कितीही करा, प्रिंटमध्ये काही फरक पडत नाही. फॉन्ट साइझ मात्र कागदावर उतरतो. १ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. ९ पॉइंटचा मजकूर १७० टक्क्यांवर बघितला की तो साधारण १५ पॉइंटसारखा दिसतो. सेक्रेटरींना १५ दिसत होता, काकांच्या हातात ९ पडला.

आणखी एक गंमत आहे. वर्डच्या फाइलमध्ये झूमचा आकडाही सेव्ह होतो. म्हणजे सेक्रेटरींनी फाइल तपासायला दुसऱ्या कमिटी सदस्याला पाठवली, तर त्यालाही ती बहुतेक वेळा तशीच मोठी दिसते. तोही म्हणतो, "छान आहे, काढा प्रिंट."

मराठीत हा त्रास जास्त का?

फॉन्टचा साइझ म्हणजे फक्त अक्षराची उंची नाही. वरची मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खालचा उकार, एवढं सगळं त्याच उंचीत बसवावं लागतं. ९ पॉइंट म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आत. त्यातून वरची-खालची जागा वजा केली की मूळ अक्षराला किती उरणार? त्यात १ आणि ९, घ आणि ध, भ आणि म या जोड्या बारीक छपाईत सहज फसवतात.

सॉफ्टवेअरची रचनाही समजून घ्यायला हवी. वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्ही देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतात. तिचा फॉन्ट आणि साइझ इंग्रजीपेक्षा वेगळा ठेवलेला असतो. लिब्रेऑफिसच्या सेटिंग्जमध्ये पाश्चात्त्य लिपी आणि कॉम्प्लेक्स लिपी यांचे मूळ फॉन्ट वेगवेगळ्या ठिकाणी ठरवावे लागतात. वर्डमध्ये मराठी ही एडिटिंग भाषा म्हणून जोडली असेल, तर फॉन्टच्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा भाग दिसतो. एकाच ओळीत इंग्रजी मोठं आणि मराठी लहान दिसत असेल, तर आधी तिथे बघा.

भाषेची चर्चा झाली, वाचण्याची राहिली

जुलै २०२५ मध्ये आमचं मीरा रोड सगळ्या चॅनेलवर होतं. मराठी न बोलण्यावरून एका दुकानदाराला मनसे कार्यकर्त्यांनी मारहाण केली, मग व्यापाऱ्यांचं आंदोलन झालं, आणि ८ जुलैला मराठीसाठी मोर्चा निघाला. त्याआधी ३ फेब्रुवारी २०२५ च्या शासन निर्णयाने सरकारी कार्यालयांत मराठीतून बोलणं सक्तीचं केलं होतं. कार्यालयांतल्या कीबोर्डवर रोमनसोबत देवनागरी अक्षरंही हवीत, असंही त्यात आहे. म्हणजे बोलणं आलं, टायपिंगही आलं. पण टाइप केलेलं मराठी समोरच्याला वाचता येतं का, हा प्रश्न चर्चेत आलाच नाही. आमची नोटीस शुद्ध मराठीत होती. काकांना तिचा उपयोग झाला नाही.

हा प्रश्न फक्त सोयीचा नाही. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या प्रकरणात निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. वेबसाइटसाठीच्या जागतिक सुलभता निकषांतही मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता यावा आणि तरी काही बिघडू नये, अशी अट आहे. पण नोटीस स्कॅन करून पीडीएफ बनवली की ती नुसता फोटो होते. झूम केल्यावर अक्षरं फुटतात, ओळ मोबाइलच्या बाहेर जाते, आणि प्रत्येक ओळीला बोटाने डावीकडे-उजवीकडे सरकवावं लागतं. फाइल वर्डमधून थेट पीडीएफ म्हणून सेव्ह केली, तर अक्षरं निदान फुटत नाहीत.

मग करायचं काय?

नोटीस किंवा अर्ज बनवणाऱ्यांसाठी:

१. प्रिंटआधी झूम खऱ्या मापावर आणा. १०० टक्के म्हणजे खरं माप असेलच असं नाही, ते मॉनिटरवर अवलंबून असतं. सोपी युक्ती अशी: ए-४ कागद स्क्रीनवर धरा आणि स्क्रीनवरचं पान तेवढंच, म्हणजे २१ सेंटिमीटर रुंद होईपर्यंत झूम बदला. आता जे दिसतंय, तेच कागदावर येईल.

२. भिंतीवर लावायच्या मराठी नोटिशीला माझ्या मते १४ पॉइंट तरी हवेत. मजकूर एका पानात बसत नसेल तर दुसरं पान घ्या, अक्षर बारीक करू नका.

३. तारीख, रक्कम, टक्के ठळक करा. तारखेसोबत वार लिहा. 'गुरुवार' लिहिलेलं असेल तर ११ चे १९ होणं अवघड जातं.

४. प्रिंटच्या खिडकीत एका कागदावर दोन पानं निवडलेली नाहीत ना, ते बघा.

स्वतःला नीट दिसावं म्हणून:

१. वर्डमध्ये कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा, किंवा 'व्ह्यू' टॅबमध्ये 'पेज विड्थ' निवडा. ब्राउझरच्या सवयीने कंट्रोल आणि बरोबरचं चिन्ह दाबू नका, त्याने वर्डमध्ये अक्षर ओळीखाली लहान होऊन बसतं.

२. गूगल डॉक्समध्ये डॉक्युमेंटचा झूम वेगळा आणि ब्राउझरचा वेगळा. मेन्यूही मोठे हवे असतील तर ब्राउझरचा वापरा.

३. सगळंच बारीक दिसत असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग टेक्स्ट साइझ. अक्षर २२५ टक्क्यांपर्यंत मोठं करता येतं.

सेक्रेटरी पासष्टीचे आहेत. त्यांना स्वतःलाच बारीक दिसत नव्हतं, म्हणून तर त्यांनी झूम वाढवला होता. मी त्यांच्यासमोर ए-४ कागद स्क्रीनला लावला आणि झूम कमी केला, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे मलाच वाचता येत नाहीये."

पुढची नोटीस दोन पानांची लागली, १४ पॉइंटमध्ये. काकांचा अर्ज सभेत वाचून दाखवायचं ठरलंय. तो मसुद्यात येईल की नाही, ते सभाच ठरवेल. तुमच्या सोसायटीच्या फळ्यावर आत्ता जी नोटीस लागली आहे, ती आज संध्याकाळी दोन पावलं मागे उभं राहून एकदा वाचून बघा.