चाळीत, शेतात आणि वाफ्यात

लासलगावच्या शिवारात दिवाळी येते तेव्हा कांदा एकाच वेळी तीन ठिकाणी असतो. चैत्र-वैशाखात काढलेल्या उन्हाळ कांद्याची चाळ तळाला आलेली असते. कोंब फुटलेले, सडलेले बाजूला काढून उरला माल विकायची घाई असते. लाल कांदा शेतात पोसत असतो, काहींचा बाजारात निघालाही असतो. आणि घराजवळच्या वाफ्यात पुढच्या उन्हाळ कांद्याचे उळे नुकतेच टाकलेले असते. त्याचे रोप लावणीला यायला दीड-दोन महिने, लावणीपासून काढणीपर्यंत आणखी चार. तेव्हा भाव काय असेल, हे १९४७ पासून चालत आलेल्या आपल्या बाजार समितीच्या आवारात कोणीही सांगू शकत नाही. तरी उळे पडते.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय ठरवताना हेच आमच्या मनात होते. ठरवल्यासारखे काही घडत नाही, त्या दिवसांत माणूस कशाच्या आधाराने उभा राहतो? कर्ज फिटले की, मुलीचे लग्न झाले की, पोराला नोकरी लागली की मग जरा जगू, असे म्हणत आपण जगणे पुढे ढकलत राहतो. मधला काळ हिशोबात धरतच नाही. बहुतेकांचे आयुष्य मात्र त्या मधल्या काळातच जाते.

२०२३ चा कार्तिक आठवा. २६ नोव्हेंबरला, ऐन त्रिपुरी पौर्णिमेच्या तोंडावर, निफाड तालुक्यात गारा कोसळल्या. द्राक्षबागा झोडपल्या गेल्या, कांदा पाण्यात गेला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच, बारा दिवसांनी, ८ डिसेंबरला कांद्यावर निर्यातबंदी आली. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलेच होते. एकाच महिन्यात आभाळही फिरले आणि दिल्लीही.

इथे स्पष्ट बोलले पाहिजे. अशा वेळचा आधार म्हणून श्रद्धेचा विषय निघाला की शेतकऱ्याला सोसण्याचे धडे द्यायची आपल्याकडे फार सवय आहे. ती आम्हाला मान्य नाही. गार आभाळातून पडते, बंदी मात्र कोणीतरी सही केल्यावर येते. गारेपुढे हात जोडता येतात, सहीचा जाब विचारावा लागतो. शुल्काच्या वेळी लिलाव बंद राहिले, शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांच्याही वाफ्यांत त्या वर्षी उळे पडलेच. जाब विचारणे आणि बी टाकणे ही दोन्ही कामे एकच माणूस करतो, आणि दोन्ही त्याच्या विश्वासातूनच येतात. कांद्यावरचे निर्यात शुल्क अखेर १ एप्रिल २०२५ पासून उठले.

ठरवले एक आणि हाती आले वेगळेच, असेही घडते. आपल्याच तालुक्यातला नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा पाहा. गोदावरी आणि कादवा एकत्र येतात तिथे इंग्रजांच्या काळात तो सिंचनासाठी बांधला गेला. मागे वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. पाणी साठवू पाहणाऱ्या अभियंत्याला गाळ म्हणजे निव्वळ तोटा. पण त्या गाळाने पाणी उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्षी उतरू लागले. २०२० मध्ये ही जागा महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरली. गावातलेच उदाहरण हवे असेल तर भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगावात उभारलेले ‘कृषक’ विकिरण केंद्र घ्या. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून ते आले. २००७ मध्ये तिथूनच विकिरण होऊन हापूस अमेरिकेला गेला आणि अठरा वर्षे बंद असलेली ती वाट उघडली.

अशा गोष्टी सांगताना आम्हाला धीर येतो, पण मनात एक भीतीही असते. गाळाचे मोल कळायला कित्येक दशके जावी लागली. ज्याचा हंगाम बुडाला त्याच्याकडे इतका अवकाश नाही. त्याला सोसायटीचा हप्ता याच मार्चमध्ये भरायचा आहे. नुकसानीतून काहीतरी चांगले निघतेच, असे त्याला सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. कधी निघते, कधी नुसते नुकसानच उरते.

श्रद्धा आम्हाला दिसते ती फळ हाती येण्याआधी केलेल्या कामात. लासलगावात पिढ्यान्‌पिढ्या अमावस्येला लिलाव होत नसत. अलीकडे ती रीत मोडली, अमावस्येलाही लिलाव सुरू झाले. काहींना हळहळ वाटली. आम्हाला त्यात धर्म बुडालेला दिसत नाही. चाळीतला कांदा तिथी पाहून सडायचा थांबत नाही, आणि आपण लक्ष्मीपूजन करतो तीही अमावस्याच. शुभ दिवसाची वाट पाहण्यापेक्षा हाती आलेला दिवस शुभ मानायला अधिक हिंमत लागते.

म्हणून यंदा लेखकांकडे आम्ही एकच मागणे मागितले: जुन्या सुबत्तेच्या आठवणी नकोत, उद्याच्या योजनाही नकोत, हे चालू वर्ष लिहा, जसे आले तसे. काहींनी आजारपण लिहिले, काहींनी मोडलेला धंदा, काहींनी अचानक गावी परतणे. बरेच लेख अर्ध्यावर थांबल्यासारखे वाटतील. लिहिणाऱ्यांच्या आयुष्यातली ती गोष्ट अजून संपलेली नाही. आम्हीही संपादनाच्या नावाखाली त्यांना शेवट जोडलेले नाहीत. वाचून झाल्यावर तुमचेही चालू वर्ष आम्हाला लिहून कळवा.