मनगटाचे दुखणे आणि घरची जबाबदारी

मनगट दुखू लागले की आपल्याकडे दोनच मार्ग रूढ आहेत. एक तर ते वाताचे आहे असा निकाल स्वयंपाकघरातच देऊन, कोमट तेलाने चोळून घेऊन, दुखऱ्या हातानेच पुढची कामे उरकावयाची. नाही तर दुखणे विकोपाला गेल्यावर मोठ्या गावातील इस्पितळ गाठावयाचे आणि तेथे शस्त्रक्रियेचा शब्द कानी पडताच भेदरून तरी जावयाचे, अथवा एकदाचा सोक्षमोक्ष लागेल या आशेने मान तरी डोलवावयाची. मनगटाच्या बहुतेक दुखण्यांना शस्त्राची गरज पडत नाही, ही गोष्ट अस्थिरोगतज्ज्ञ स्वतःच सांगतात. परंतु शस्त्रावाचून बरे होणे म्हणजे काहीही न करता बरे होणे नव्हे, आणि जे करावयाचे असते त्यातील मोठा वाटा रोग्याच्या घरच्या माणसांकडे असतो, हे मात्र कोणी फारसे बोलत नाही.

मनगट दुखते ही झाली तक्रार. तिलाच रोग समजू नये. आठ लहान हाडांच्या दोन रांगा, त्यांना जखडून ठेवणारे अस्थिबंध, बोटांकडे जाणाऱ्या कंडरा आणि मज्जातंतू अशी सारी दाटी एवढ्याशा टापूत झालेली असल्यामुळे, वेदनेची जागा बोटभर सरकली तरी रोग बदलतो आणि त्याबरोबर इलाजही. हाताला मुंग्या येऊन मध्यरात्री जाग येते, हात झटकला की बरे वाटते, बधिरपणा अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यापुरताच असून करंगळी तेवढी सुटलेली असते, असे कोणी सांगितले तर डॉक्टरचा संशय मनगटातील एका अरुंद बोगद्याकडे वळतो. या बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. आतील दाब वाढला की प्रथम त्या मज्जातंतूची कुचंबणा होते. गरोदरपण, मधुमेह, मंदावलेली थायरॉईड ग्रंथी ही त्याची परिचित कारणे असल्याने, हाताच्या तक्रारीसाठी गेलेल्या रोग्याचे रक्त तपासावयास सांगितले म्हणून डॉक्टरवर रागावण्याचे प्रयोजन नाही.

यावरील पहिला उपाय अगदी साधा आहे. झोपेत आपण नकळत मनगट दुमडतो आणि त्यामुळे बोगद्यातील दाब आणखी वाढतो. म्हणून मनगट सरळ राहील असा पट्टा रात्री बांधून झोपावयाचे, आणि ते काही आठवडे नेमाने करावयाचे. पण आपल्याकडे हा पट्टा दिवसभर दिमाखाने मिरवला जातो, तो बांधूनच सारी कामे होतात, आणि रात्री उकडते म्हणून तोच उशाशी काढून ठेवला जातो! पट्ट्याने भागले नाही तर स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा आठवड्यांच्या अखेरीस इंजेक्शन घेतलेल्यांना पट्टा बांधणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडल्याचे आढळले, परंतु सहा महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. इंजेक्शनाने मिळते ती मुदत, आणि त्या मुदतीत हाताचा वापर बदलला नाही तर दुखणे परत येण्याचा संभव राहतो. मधुमेह्यांनी ते घेतल्यावर काही दिवस रक्तातील साखर वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

आता बाळंतिणीच्या मनगटाविषयी, कारण सर्वांत अधिक दुर्लक्ष त्याचेच होते. पाळण्यातून मूल उचलताना दोन्ही अंगठे फाकवून, त्याच्या काखेत पंजे घालून, मनगट करंगळीच्या बाजूला झुकवीत सारा भार वर घ्यावयाचा, ही क्रिया ती दिवसातून किती वेळा करते याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. मधल्या वेळात दुपटी पिळावयाची असतात, कणीक मळावयाची असते. अंगठा हलविणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका आवरणातून जातात, लेंग्याच्या नेफ्यातून नाडी सरकावी तशा. ते आवरण जाड होऊन दाटले की प्रत्येक हालचालीला कळ उठते. फ्रित्स द कर्व्हें या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली या विकाराचे वर्णन केले आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. परीक्षा सोपी आहे: अंगठा मुठीत धरून मूठ करंगळीकडे झुकविली असता अंगठ्याच्या मुळाशी सणसणीत कळ आली, तर निदानाला बळकटी येते. उपाय म्हणजे अंगठ्यासह मनगटाला आधार देणारा पट्टा, आणि जरूर पडल्यास इंजेक्शन, ज्याने बहुसंख्य रुग्णांना गुण येतो. दुखावलेल्या आवरणावर जोराने रगडणे मात्र हितावह नाही. मूल उचलताना एक तळवा त्याच्या बुडाखाली आणि दुसरा पाठीशी द्यावा, कपडे पिळण्याऐवजी तारेवर निथळत ठेवावेत, एवढ्या बदलानेही हाताचा भार पुष्कळ हलका होतो.

पडून मनगटाला मार लागला असेल तर गोष्ट वेगळी. अंगठ्याच्या मुळाशी जी खळगी दिसते तिच्यात बोट दाबून दुखत असेल, तर आतील नौकाकृती हाड मोडले असण्याची शक्यता असते, आणि ही मोड पहिल्या क्ष-किरण चित्रात दिसेलच असे नाही. म्हणून हात प्लास्टरात ठेवून दहा-बारा दिवसांनी पुन्हा चित्र काढण्याची वहिवाट आहे. या हाडाचा रक्तपुरवठा उलट्या टोकाने येत असल्यामुळे दुर्लक्षित मोड सांधतच नाही असेही घडते. ‘नुसते मुरगळले आहे’ म्हणून हाडवैद्याकडून ओढून घेण्याचा मोह येथे महागात पडतो. त्याचप्रमाणे दोन्ही मनगटे सुजून सकाळी तासभर आखडलेली राहत असतील तर तो संधिवात असू शकतो, आणि त्यावरील औषधे जितकी लवकर सुरू होतील तितके सांधे वाचतात. आणि बोगद्याच्या दुखण्यात अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला, बधिरपणा क्षणभरही हटेनासा झाला, हातून वस्तू गळू लागल्या, तर मात्र पट्ट्यावर विसंबून राहू नये. शस्त्रक्रिया लहान असते, आणि वाळलेला स्नायू उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेनेही पूर्ववत होईल अशी हमी नसते. शस्त्र टाळणे हे काही व्रत नव्हे.

परंतु हे सारे वैद्यकशास्त्र ज्या एका शब्दापाशी येऊन अडते तो शब्द म्हणजे विश्रांती. सोलापूरला किंवा सिन्नरला विड्या वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. हात थांबला की मजुरी थांबली. तिच्या चिठ्ठीवर ‘हाताला आराम’ असे लिहून देणाऱ्या डॉक्टरची त्यात कसूर नाही, पण त्या हुकुमाची अंमलबजावणी कोणी करावयाची हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. तिच्यासाठी कारखानदाराने आणि सरकारने पगारी रजेची तजवीज करावी, ही मागणी मला रास्त वाटते. घरोघरच्या गृहिणीला तर अर्ज करावयास दफ्तरही नाही. मेडिकलच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून, पोटाची आणि मूत्रपिंडाची पर्वा न करता, ती वर्षानुवर्षे हात चालू ठेवते, आणि घर म्हणते, हिचे काय, हिला नेहमीचेच आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी एखाद्या बाईचे मनगट दुखत असेल त्यांनी पट्टा आणून देण्यातच आपले कर्तव्य संपले असे समजू नये. पुढचे सहा आठवडे कणीक मळणे, ओले कपडे पिळणे आणि भरलेली कढई उतरविणे ही तीन कामे घरातील कर्त्या पुरुषाने आपल्याकडे घ्यावीत. पोळ्या काही दिवस जाड होतील, तेवढे चालवून घ्यावे.