गरुडाचं ठाणं, गलबताचं कल्याण, गुढीची डोंबिवली

ठाण्यावर एकेकाळी सोनेरी गरुडाचा ध्वज फडकत होता. शिलाहारांचा. इसवी सन 800 च्या सुमारापासून 1265 पर्यंत उत्तर कोकणावर या घराण्याची सत्ता होती आणि श्रीस्थानक, म्हणजे आपलं ठाणं, हे त्यांचं मुख्य नगर. त्यांच्या ताम्रपटांत राजाची बिरुदं एकापाठोपाठ एक येतात. तगरपुराचा स्वामी, जीमूतवाहनाच्या वंशात जन्मलेला, आणि त्यांतच ‘सुवर्णगरुडध्वज’. ताम्रपटाचे पत्रे ज्या कडीत ओवतात तिच्या मुद्रेवरही तोच गरुड. साडेचारशे वर्षं ज्या चिन्हाखाली हा मुलूख नांदला, ते चिन्ह आज ठाण्याच्या एकाही चौकात मला दिसत नाही.

मी पाट्या रंगवणारा माणूस. राहतो डोंबिवलीत, आणि उमेदीची सगळी वर्षं ठाण्यापासून कल्याणपर्यंतची दुकानं, शाळा, दवाखाने, मंडळांचे फलक रंगवण्यात गेली. फ्लेक्स आला आणि आमचं काम सुटत गेलं. त्याची तक्रार करायला हे लिहीत नाही. पण भिंतीवर, खांबावर, कमानीवर काय आहे, हे बघायची डोळ्यांची सवय सुटलेली नाही. तीन हात नाक्याला, कल्याणच्या शिवाजी चौकात, आमच्या फडके रोडवर मान वर करून पाहा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, पक्षांचे झेंडे, हात जोडलेले चेहरे. पुढच्या आठवड्यात चेहरे बदलतात, जागा तीच राहते. लाखो माणसं राहतात त्या शहराची स्वतःची अशी एकही खूण त्या गर्दीत नसावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

महापालिकांना बोधचिन्हं आहेत, ती मीही अनेकदा रंगवली आहेत. पण ती कार्यालयाची खूण झाली. पाण्याच्या बिलावर, कचऱ्याच्या गाडीवर, निविदेच्या जाहिरातीत ती शोभतात आणि तिथेच असावीत. मी बोलतोय ते निशाणाबद्दल. जे शहरातल्या माणसाला आपलं वाटेल, शाळेच्या संमेलनात मुलं हातात धरतील, क्रिकेटचा संघ बाहेरगावी खेळायला जाताना सोबत नेईल. तसं निशाण ना ठाण्याला आहे, ना कल्याण-डोंबिवलीला. आणि ते नव्यानं शोधून काढायचीही गरज नाही, ते इथल्याच मातीत सापडलेलं आहे.

खरोखरच मातीत. 1787 साली ठाण्याच्या किल्ल्यात काही बांधकामासाठी पाया खणताना ताम्रपट मिळाले. हा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. ताम्रपट शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके 939 चे, म्हणजे इसवी सन 1017 चे. जनरल कार्नॅकनं ते कलकत्त्याला कळवले, रामलोचन पंडितांनी अर्थ लावून दिला आणि एशियाटिक सोसायटीच्या संशोधनग्रंथाच्या अगदी पहिल्या खंडात, 1788 साली, त्यांचं भाषांतर छापलं गेलं. भारतातले जुने लेख वाचायला नुकती सुरुवात होत होती, त्या पहिल्या काही लेखांत ठाण्याचा हा लेख आहे. पुढे भांडुपला छित्तराजाचा ताम्रपट मिळाला, 1026 चा, साष्टीतल्या जमिनीच्या दानाचा. अंबरनाथच्या देवळावरचा लेख शके 982 चा, मुम्मुणिराजाच्या काळातला. हे सगळं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी एकत्र वाचून शिलाहारांवरच्या आपल्या मराठी ग्रंथात मांडलं. मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून मी तो वाचला, तेव्हा ‘सुवर्णगरुडध्वज’ या बिरुदापाशी बराच वेळ थांबलो. राजाच्या पराक्रमाची विशेषणं कोणीही लिहून घेतो. ध्वजावर काय होतं, ही मात्र नेमकी माहिती आहे. तिच्यावरून चित्र काढता येतं.

गरुडच का, याची गोष्टही सुंदर आहे. शिलाहार स्वतःला जीमूतवाहनाचे वंशज म्हणवत. हा विद्याधरांचा राजपुत्र. गरुड रोज एक नाग खायचा. ज्या दिवशी शंखचूड नावाच्या नागाची पाळी आली, त्या दिवशी त्याच्या आईचा आक्रोश ऐकून जीमूतवाहन त्याच्या जागी वधशिळेवर जाऊन झोपला. हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकाचं कथानक हेच. शेवटी गरुडालाच पश्चात्ताप होतो आणि तो नागांना अभय देतो. म्हणजे ठाण्याच्या ध्वजावरचा गरुड हा झडप घालणारा पक्षी नव्हे, झडप सोडून दिलेला पक्षी आहे. वाघ, सिंह, तलवारी असलेल्या किती ध्वजांबद्दल असं सांगता येईल?

कोणी म्हणेल, गरुड विष्णूचं वाहन, मग हे निशाण सगळ्यांचं कसं? शिलाहारांचा काळच याचं उत्तर देतो. राजे शिवाचे भक्त, अंबरनाथचं शिवालय त्यांचं. आणि ध्वजावर गरुड. त्यांच्याच सत्तेत कान्हेरीच्या लेण्यांत बौद्ध संघासाठी दानं नोंदवली गेली. पुल्लशक्तीच्या वेळचा 843 चा लेख आणि कपर्दीच्या वेळचे लेख तिथे आजही आहेत. अल्-मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला तेव्हा झंझ राजा राज्य करत होता, आणि बंदरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं मसूदीनं लिहून ठेवलं. याच घराण्याच्या लेखांत ‘हंजमान’ नगरातल्या लोकांना उद्देशून मजकूर आहे. ते नगर म्हणजे पारशांचं संजाण, असं अभ्यासक मानतात. एवढ्या जातीधर्मांची माणसं ज्या निशाणाखाली व्यापार करत होती, ते आजच्या ठाण्याला अपुरं पडेल असं मला वाटत नाही.

आता माझ्या कामाची गोष्ट. पाटी रंगवणाऱ्याला पहिल्या महिन्यातच कळतं की पांढऱ्यावर पिवळं वाचता येत नाही आणि काळ्यावर निळं बुडतं. युरोपात नगरचिन्हांचं जे शास्त्र सात-आठशे वर्षांत तयार झालं, त्याचा मुख्य नियम हाच आहे. सोनेरी आणि रुपेरी हे धातू, बाकीचे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. ढाल लांबून ओळखू आली पाहिजे, म्हणून. दुसरा नियम असा की चिन्ह शब्दांत सांगता आलं पाहिजे. ‘निळ्यावर सोनेरी बोकड’ म्हटलं की क्रोएशियातला इस्त्रिया प्रांत डोळ्यांपुढे येतो. त्याचं चिन्ह तसंच आहे आणि ते क्रोएशियाच्या राष्ट्रध्वजावरच्या मुकुटातही बसलेलं आहे. ‘सुवर्णगरुडध्वज’ हे तसंच एका श्वासात सांगता येणारं चित्र आहे. मी त्याला गडद निळी जमीन देईन. सोनेरी त्यावर उठून दिसतो, आणि खाडी व तलावांच्या या शहराला दुसरा रंग कशाला शोधायचा? आपल्याकडे चिन्ह करायचं म्हटलं की धरण, पुस्तक, चक्र, गव्हाची लोंबी, उगवता सूर्य आणि खाली संस्कृत वचन, सगळं एकाच वर्तुळात कोंबतात. दोन इंचांवर ते डाग दिसतं. गरुडाला यातलं काहीच जोडू नये.

त्याच क्रोएशियात रियेका नावाचं बंदर आहे. 1659 साली सम्राट लिओपोल्डनं त्या शहराला दोन डोक्यांच्या गरुडाचं चिन्ह दिलं. खडकावर उभा, पायाखालच्या घड्यातून पाणी वाहतंय, आणि सोबत ‘अखंड’ अशा अर्थाचं लॅटिन ब्रीद. 1906 साली या गरुडाचा धातूचा पुतळा शहराच्या मनोऱ्यावर बसवला. पुढे इटालियन कवी दानुन्झिओच्या सैनिकांनी शहर ताब्यात घेतलं, तेव्हा त्यांनी गरुडाचं एक डोकं कापलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या राजवटीनं उरलेला पुतळाही काढून टाकला. त्या शतकात रियेकावर ऑस्ट्रिया-हंगेरी, इटली, युगोस्लाव्हिया, क्रोएशिया अशा कितीतरी सत्ता आल्या. लोकांनी गरुड सोडला नाही. 2017 साली तो दोन्ही डोक्यांसह मनोऱ्यावर परत बसला. मला या माणसांचा हेवा वाटतो. सत्ता कोणाचीही असो, शहर आमचं, एवढं ठणकावून सांगायला त्यांच्याकडे एक पक्षी होता.

कल्याणला तर अभ्यासकाचीही गरज नाही. पहिल्या शतकातल्या ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’मध्ये या बंदराचं नाव आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे व्यापारी दाते आहेत. आणि ऑक्टोबर 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवरायांच्या हाती आली, दुर्गाडी किल्ला उभा राहिला, खाडीत गलबतं बांधायला सुरुवात झाली, स्वराज्याचं आरमार इथे जन्मलं. 2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला भारतीय नौदलाचा नवा ध्वज फडकला. त्यातला इंग्रजी अमलाचा क्रूस गेला आणि त्याजागी शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. त्या ध्वजाशी सगळ्यात जवळचं नातं कोणत्या शहराचं? दुर्गाडीच्या पायथ्याच्या शहराचं. देशाच्या नौदलानं हे नातं जगासमोर मांडलं आणि कल्याणमध्ये त्याची खूण म्हणून एक साधं गलबत खांबावर चढू नये, हे मला पटत नाही. कल्याणचं निशाण गलबत. शिडाचं, बाजूनं दिसणारं, खाली दोन लाटा. बस्स.

आमच्या डोंबिवलीला राजा नव्हता, किल्लाही नाही. पण 1999 साली गुढीपाडव्याला गणेश मंदिर संस्थानानं नववर्ष स्वागतयात्रा काढली, आणि ती चाल ठाण्याला, गिरगावाला, गावोगाव पसरली. आज महाराष्ट्रभर पाडव्याला जी मिरवणूक निघते तिची सुरुवात या गावानं करून दिली. गुढी हा ध्वजच आहे, घराघरातला. कोणत्याही राजानं दिलेला नाही, दर वर्षी माणसं स्वतः उभारतात. चाकरमान्यांच्या या गावाला याहून खरं चिन्ह मिळणार नाही. महापालिका 1983 पासून एकच आहे, तेव्हा गलबताच्या डोलकाठीवर गुढी उभारावी. चित्र म्हणून ते सुरेख जमतं, मी कागदावर करून पाहिलं आहे.

हे करायला पैसा फारसा लागत नाही, संयम लागतो. सल्लागार कंपनीला कंत्राट देऊन सादरीकरणं मागवू नयेत. मोबाइलवर मतं मागवून स्पर्धाही घेऊ नये; तिथे पुन्हा सूर्य, चक्र आणि पुस्तकच जिंकेल. शिलाहारांच्या मुद्रांचे ठसे नीट पाहणारा एक अभ्यासक, एक मूर्तिशास्त्र जाणणारा, जे. जे. मधला एक चित्रकार आणि अक्षरांचं-रंगांचं काम हातानं केलेला एखादा माणूस, एवढ्यांना एका खोलीत बसवावं. क्रोएशियात गावाचं चिन्ह आणि ध्वज ठरवायला सरकारची मंजुरी लागते आणि जुनं ऐतिहासिक चिन्ह असेल तर त्याला पहिला मान असतो. तसा एक साधा नियम महाराष्ट्राच्या नगरविकास खात्यानं केला, तर उद्या पैठण, चौल, कराड यांनाही वाट मिळेल. तिरंग्याच्या मानाला यात कुठे धक्का नाही. ध्वजसंहिता स्पष्ट आहे, दुसरा कोणताही ध्वज त्याच्याहून उंच किंवा बरोबरीनं लागत नाही. शहराचं निशाण वेगळ्या जागी, वेगळ्या खांबावर लागेल.

एक अट मात्र ठरावातच घालावी. या निशाणावर कोणाही पुढाऱ्याचं नाव, चेहरा, ‘सौजन्य’ असं काहीही छापता येणार नाही. आणि चित्र एकदा मंजूर झालं की त्याची मापं आणि रंग प्रत्येक शाळेला, ग्रंथालयाला, मंडळाला फुकट द्यावेत. शिंप्यानं शिवावं, मुलांनी रंगवावं, रिक्षावाल्यानं मागच्या बाजूला लावावं. परवानगीचा अर्ज नको.

ठाणे महापालिका 1 ऑक्टोबर 1982 ला झाली, कल्याण-डोंबिवलीची पुढच्या वर्षी त्याच तारखेला. दोन्ही महासभांनी ठरवलं तर येत्या 1 ऑक्टोबरला तलावपाळीवर गडकरी रंगायतनासमोर गरुड आणि दुर्गाडीच्या पायथ्याशी गलबत एकाच सकाळी वर चढू शकेल.