दणकट कॅमेरा कोणता?

गडकिल्ल्यांवर भटकणाऱ्या आपल्या मित्रमंडळींत जुन्या फिल्म कॅमेऱ्यांची आवड पुन्हा मूळ धरू लागली आहे. मोबाईलवर फुकटात शंभर फोटो निघत असताना ३६ फोटोंच्या रोलसाठी पैसे मोजायचे, हे एक वेडच! पण छंद म्हटला की थोडे वेड आलेच. प्रश्न एवढाच, की डोंगरात टिकेल असा कॅमेरा निवडावा कसा?

दणकट म्हणजे महागडा आणि भरपूर बटणांचा, अशी अनेकांची समजूत असते. मला ती पटत नाही. १९८० नंतरच्या पुष्कळ कॅमेऱ्यांचे शटरच विजेवर चालते. सेल संपला की कॅमेरा म्हणजे गळ्यातला धोंडा! आतले सर्किट गेले तर सुटे भाग आज मिळणे कठीण. याउलट १९७६ ते १९९७ या काळात निघालेला पेंटॅक्स के-१००० किंवा १९८२ साली आलेला निकॉन एफएम-२ पाहा. त्यांचे शटर स्प्रिंगा आणि दातेरी चाकांवर चालते. सेल लागतो तो केवळ प्रकाश मोजायला. तो संपला तरी लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर १६ वर ठेवावे, १०० आयएसओच्या रोलला १/१२५ सेकंदाचा वेग लावावा आणि खुशाल फोटो काढावा.

कोणी म्हणेल, स्वयंचलित कॅमेऱ्यात चुका कमी होतात. मान्य! पण चुकलेला फोटो पुढच्या वेळी सुधारता येतो. बंद पडलेल्या कॅमेऱ्याने फोटोच निघत नाही.

२९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर एडमंड हिलरींनी तेनसिंगांचे ते जगप्रसिद्ध छायाचित्र काढले, ते कोडॅक रेटिना या घडीच्या, जुन्या विकत घेतलेल्या कॅमेऱ्याने. थंडीपासून जपण्यासाठी तो त्यांनी शर्टाच्या आत ठेवला होता. म्हणजे दणकटपणा निम्मा यंत्रात असतो आणि निम्मा ते वापरणाऱ्यात!

आपल्या सह्याद्रीत बर्फ नाही, पण पाऊस आहे. दगडावर आपटून जेवढे नुकसान होत नसेल तेवढे पावसाळ्यातली बुरशी करते. म्हणून जुना कॅमेरा घेताना वरच्या चकाकीला भुलू नये. लेन्समध्ये टॉर्चचा प्रकाश टाकून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर दुकानदाराला नमस्कार करून परत फिरावे. मागचे दार उघडून एक सेकंदापासून सगळे वेग चालवून पाहावेत. दाराच्या कडेचा काळा स्पंज चिकट झाला असेल तर तेवढ्यासाठी सौदा मोडू नये. तो बदलता येतो. आणि घरी आणल्यावर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कोंडून कपाटात ठेवू नये.

विद्यार्थ्याच्या खिशाला दुसऱ्यांदा कॅमेरा घेणे परवडत नाही. तेव्हा सगळे पैसे नावलौकिकावर उधळण्यापेक्षा साधा यांत्रिक कॅमेरा घ्यावा आणि उरलेले रोलसाठी व दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत. बिघडल्यावर ज्याला आपल्या शहरातला जुना कारागीर उघडून पुन्हा चालू करू शकतो, तोच आपल्यासाठी खरा दणकट कॅमेरा.