विश्लेषण : नव्या गाडीवर ‘पीपीएफ’ लावताय? फिल्मपेक्षा तिच्याखालची सफाई जास्त महत्त्वाची का?

शोरूमच्या दारात बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढून झालेले असते, चाकाखाली लिंबू ठेवलेले असते, पेढ्यांचा बॉक्स फिरत असतो. त्याच गडबडीत ॲक्सेसरीजच्या यादीतले सर्वांत महागडे नाव पुढे येते : पीपीएफ, म्हणजेच पेंट प्रोटेक्शन फिल्म. ‘गाडी नवीन आहे तोवर लावून टाका, रंग कायम नवा राहील,’ असा आग्रह होतो. ग्राहक फिल्मचा ब्रँड विचारतो, किती मायक्रॉनची ते विचारतो, वॉरंटी किती वर्षांची तेही विचारतो. फिल्म चिकटवण्याआधी रंगावर नेमके काय करणार, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. लाखभराचा खर्च वाया जातो तो बहुतेकदा इथेच.

फिल्म रंगाला नवा करत नाही. ती लावताना रंग ज्या स्थितीत असेल, ती स्थिती पुढची अनेक वर्षे पारदर्शक आवरणाखाली बंद करून ठेवते. त्या क्षणी रंगावर धुळीचा कण, खाऱ्या पाण्याचा डाग किंवा फडक्याचा ओरखडा असेल, तर तोही आत अडकतो.

पीपीएफ म्हणजे काय?

ही थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची लवचिक, पारदर्शक फिल्म असते. जाडी साधारण १५० ते २०० मायक्रॉन. साधा छपाईचा कागद सुमारे १०० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज यावा. मूळ कल्पना लष्करी हेलिकॉप्टरची पाती वाळू आणि खड्यांपासून वाचवण्याची. गाड्यांवर ती नंतर आली. भारतात संपूर्ण गाडीला चांगल्या दर्जाची फिल्म लावायची तर गाडीच्या आकारानुसार खर्च लाखाच्या घरात किंवा त्याही पुढे जातो.

ती ज्या रंगावर बसते तो त्या मानाने नाजूक असतो. गंजरोधक थर, प्रायमर, मूळ रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट असे सगळे थर मिळून बहुतेक गाड्यांत जाडी १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरते. त्यात चकाकी देणारा आणि उन्हापासून रंगाला वाचवणारा क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा असतो. म्हणजे वरची फिल्म अख्ख्या रंगापेक्षा जाड असते.

पण गाडी तर नवीकोरी आहे, मग घाण आली कुठून?

‘शून्य किलोमीटर’ धावलेली गाडीही प्रत्यक्षात बराच प्रवास करून आलेली असते. कारखान्याचे यार्ड, तिथून ट्रेलर किंवा रेल्वे, मग वितरकाचे स्टॉकयार्ड, मग शोरूम. कित्येक गाड्या आठवडेच्या आठवडे उघड्यावर उभ्या असतात. पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक, बांधकामाची धूळ हे सगळे त्यांच्या वाट्याला आलेले असते.

सर्वांत चिवट घाण मात्र डोळ्यांना दिसत नाही. रेल्वेची चाके आणि रूळ घासतात, वाहनांचे ब्रेक घासतात, तेव्हा लोखंडाचे बारीक कण उडतात. ते रंगावर बसतात, क्लिअर कोटमध्ये रुततात आणि ओलाव्याने गंजू लागतात. पांढऱ्या गाडीवर काही महिन्यांनी दिसणारे नारिंगी ठिपके हेच. अनेक जण त्याला ‘रंगच खराब निघाला’ म्हणतात, पण दोष रंगाचा नसतो. रेल्वेने गाड्या पाठवण्याचे प्रमाण वाढते आहे. मारुती सुझुकीच्या गुजरातमधील हंसलपूर प्रकल्पात मार्च २०२४ मध्ये थेट आवारातच रेल्वे सायडिंग सुरू झाले. इंधन आणि रस्त्यावरची गर्दी वाचते म्हणून हे स्वागतार्हच आहे, पण ‘नवीन म्हणजे स्वच्छ’ हे गृहीतक त्याने आणखी कच्चे होते.

यात भर पडते ती डिलिव्हरीच्या आदल्या दिवशीच्या धुलाईची. दिवसभरात डझनभर गाड्या एकाच बादलीतल्या एकाच फडक्याने पुसल्या जातात. त्या फडक्यातली वाळू क्लिअर कोटवर गोल गोल रेषा उमटवते. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते ते हेच. पाणी बोअरचे असेल तर सुकल्यावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. वर चमक दिसावी म्हणून सिलिकॉनचे पॉलिश फासले जाते आणि त्यावर फिल्मचा गोंद नीट धरत नाही.

तयारी करायची म्हणजे काय?

साध्या धुण्याने सैल धूळ जाते, रुतलेले कण जात नाहीत. ते आहेत की नाहीत हे कळायला कोणतेही यंत्र लागत नाही. धुतलेल्या, ओल्या बॉनेटवर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटे हलकेच फिरवायची. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो.

हे कण काढायला आधी आयर्न रिमूव्हर नावाचे द्रव फवारतात. त्यातले रसायन लोखंडाशी अभिक्रिया करते आणि द्रव जांभळे होऊन ओघळू लागते. काल शोरूममधून आलेली पांढरी गाडी जांभळे अश्रू ढाळताना पाहिली की मालकाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. वास मात्र सडक्या अंड्यांच्या जवळपास जाणारा. हे द्रव उन्हात मारायचे नसते आणि रंगावर सुकू द्यायचे नसते.

उरलेली घाण क्ले बारने निघते. ही कणकेच्या गोळ्यासारखी मऊ माती भरपूर निसरड्या द्रवासोबत रंगावरून फिरवतात. ती रुतलेला कण उचलून स्वतःत घेते. गोळा जमिनीवर पडला तर तो टाकूनच द्यायचा, कारण त्याला चिकटलेली वाळू पुढच्या प्रत्येक हाताला रंगावर ओरखडे काढते. गाडी घ्यायला जाणाऱ्याने हे एवढे जरी पाहिले, तरी कारागिराची पारख होते.

त्यानंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुतेकदा गाळले जाते. दरवाजांच्या कडा, लोगोच्या फटी, आरशांचे सांधे, नंबर प्लेटच्या मागची जागा यांत पाणी आणि माती दडलेली असते. ब्लोअरने ती बाहेर काढली नाही, तर ओली फिल्म ओढून बसवताना गढूळ थेंब बरोबर तिच्याखाली येतो, किंवा कडेला गोंद न धरल्याने काही महिन्यांत फिल्म उचलू लागते. पूजेचे हळद-कुंकूही याच फटींत जाऊन बसते. शेवटी पाण्यात पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्रत्येक पत्रा पुसायचा, म्हणजे पॉलिशचा तेलकटपणा उरत नाही.

नव्या गाडीला पॉलिश मारावे का?

इथे दोन्ही टोकांना दिशाभूल होते. एक बाजू सांगते, फिल्मखाली सगळे ओरखडे झाकले जातात. अर्धसत्य. अगदी बारीक रेषा गोंदामुळे कमी दिसतात. खोल ओरखडे आणि क्षारांचे डाग दिसतच राहतात. उष्णतेने ‘आपोआप भरून येणारे’ ओरखडे हे फिल्मच्या स्वतःच्या पृष्ठभागावरचे, खालच्या रंगावरचे नव्हेत.

दुसरी बाजू नव्या गाडीलाही तीन टप्प्यांच्या मशीन पॉलिशचे पॅकेज विकते. पॉलिश म्हणजे क्लिअर कोट घासून पातळ करणे, आणि गेलेला थर परत येत नाही. जिथे दोष दिसतो तिथेच, सर्वांत सौम्य पॅडने पॉलिश करावे. दिव्याखाली तपासल्यावर रंग निर्दोष असेल तर यंत्र हातात न घेणे हेच उत्तम काम. ग्राहकाला मात्र ‘काहीच केले नाही’ असे वाटू नये म्हणूनही कधी कधी यंत्र फिरवले जाते.

महिनाभर थांबायला हवे का?

कारखान्यातून आलेल्या रंगासाठी नाही. तिथे रंग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजला जातो आणि गाडी बाहेर पडते तेव्हा तो पूर्ण पक्का असतो. थांबण्याचा नियम आहे तो पुन्हा रंगवलेल्या पत्र्यासाठी. गॅरेजमध्ये रंग त्याहून बऱ्याच कमी तापमानाला सुकवतात; आतले सॉल्व्हंट हळूहळू बाहेर पडत राहते. त्यावर घाईने फिल्म लावली तर बुडबुडे येतात आणि पुढे फिल्म काढताना रंगही सोबत निघू शकतो. म्हणून अशा पत्र्यासाठी किमान महिनाभर थांबायला सांगतात.

वाहतुकीत ठोकर बसून डिलिव्हरीआधीच रंगवलेला पत्राही यात येतो, आणि ते ग्राहकाला सांगितले जाईलच असे नाही. पेंटची जाडी मोजणारे छोटे यंत्र बहुतेक चांगल्या डिटेलरकडे असते. गाडीभर १२० आणि एकाच दरवाजावर २५० मायक्रॉन असा आकडा आला, तर फिल्मचे बोलणे थांबवून आधी वितरकाला जाब विचारायला हवा. प्लास्टिकच्या बंपरवर हे साधे यंत्र चालत नाही.

मग ग्राहकाने करायचे काय?

बुकिंग करतानाच सांगून ठेवायचे : गाडी धुऊ नका, पॉलिश किंवा कुठलेही कोटिंग मारू नका, धुळीसकट द्या. शोरूमवाल्यांना ते चमत्कारिक वाटते, वाटू द्यावे. मुहूर्त पाडव्याचा असो की दसऱ्याचा, तो गाडी घरी आणण्याचा असतो, फिल्म चिकटवण्याचा नव्हे. सकाळी दिली आणि संध्याकाळी संपूर्ण गाडीला फिल्म लावून मिळाली, तर सफाई झालेलीच नाही असे खुशाल समजावे. तयारीलाच अर्धा ते एक दिवस जातो, सगळे काम दोन-तीन दिवसांचे आहे, आणि ते रस्त्याकडेच्या उघड्या शेडमध्ये होत नाही.

सफाईनंतर आणि फिल्म लावण्यापूर्वी गाडी एकदा प्रखर दिव्याखाली दाखवा, ही अट कोटेशनमध्ये लिहून घ्यावी. वॉरंटी कार्डावर फिल्म पिवळी पडणे, तडकणे, सुटणे याची हमी साधारणपणे असते. तिच्याखाली अडकलेल्या कचऱ्याची नसते. एकदा फिल्म बसली की तो पत्रा नव्याने करण्याचा खर्च कोणाचा, यावर वाद ठरलेला.

काम झाल्यावर आठवडाभर गाडी धुऊ नये. सुरुवातीला काही ठिकाणी पाण्याचे फुगे दिसतात, ते काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत विरतात. ज्या फुग्याच्या मध्यभागी बोटाला टणक दाणा लागतो तो विरणार नाही. त्याचा तारखेसह फोटो काढून ठेवावा आणि पहिल्या तपासणीलाच तो पत्रा बदलून मागावा.