चाळिशीनंतरचा व्यायाम

चाळिशीनंतर वजन वाढले की दोष वयाला दिला जातो. मात्र २०२१ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या हर्मन पाँटझर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात शरीराच्या घडणीच्या मानाने होणारा ऊर्जाखर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर आढळला. कमी होतात ते स्नायू आणि हालचाल. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात. व्यायाम नसेल तर ही घट अधिक वेगाने होते.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत हालचाल कमी झालेली सहज दिसते. नांगरट ट्रॅक्टरने होते, मोटार घरबसल्या मोबाईलवरून चालू होते आणि मळ्यात जायला दुचाकी असते. रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत पाळ्यांमुळे झोप आणि जेवण यांच्या वेळा बदलत राहतात. दौंडहून रोज रेल्वेने पुण्याला ये-जा करणाऱ्यांचे काही तास प्रवासातच जातात. तालीम सुटली तरी खुराक तोच राहिलेले जुने पैलवानही गावोगाव आहेत.

केवळ वजनकाट्यावर भरवसा ठेवून चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे स्वतःच्या उदाहरणातून दाखवले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही चरबी साठू शकते, म्हणून कंबर मोजावी. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानला जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. मध्यम श्रमाची खूण सोपी आहे : चालताना बोलता यावे, पण अभंग गाता येऊ नये. सुरुवात दिवसाला दहा मिनिटांनी करून दर आठवड्याला थोडी भर घालावी. तुकोबांची पालखी यवत, वरवंडमार्गे जाते. वारीत चालायचे असेल, तर हा सराव दोन-तीन महिने आधी सुरू केलेला बरा. वर्षभर न चाललेले गुडघे आणि टाचा अचानक पडलेला भार सोसत नाहीत.

दुर्लक्ष होते ते ताकदीच्या व्यायामाकडे. त्यासाठी व्यायामशाळा हवीच असे नाही. तालमीतल्या जोर-बैठका वयानुसार बदलून घेता येतात. पूर्ण बैठकीऐवजी खुर्चीवर बसून हातांचा आधार न घेता उठावे. जमिनीवरच्या जोरांऐवजी भिंतीला हात टेकून जोर काढावेत. पाच लिटरचा पाण्याचा कॅन दोन्ही हातांनी छातीजवळ धरून उचलता येतो. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, दोन-तीन फेऱ्यांत करावा आणि मध्ये एक दिवस विश्रांती घ्यावी. खुरपणी, धारा, धुणी-भांडी करणाऱ्या स्त्रियांनाही याची गरज असते. त्या कामात कंबर आणि गुडघे थकतात, पण ठरावीक स्नायूंवरच ताण येतो. पाळी थांबल्यानंतर हाडांची झीज वाढते, तेव्हा हा व्यायाम विशेष उपयोगी पडतो.

वेळ आणि जागा गावाप्रमाणे ठरवावी. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, त्यामुळे पहाटे किंवा तिन्हीसांजेला उसालगतच्या वाटेने एकट्याने फिरणे धोक्याचे आहे. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर महामार्गाच्या कडेने चालणेही सुरक्षित नाही. उजाडल्यावर शाळेचे मैदान, देवळाचे आवार किंवा गावातला रस्ता बरा. उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी व्यायाम आटोपावा.

वजन घटवण्यात जेवणाचा वाटा मोठा असतो. अर्धा तास चालून साधारण शंभर ते दीडशे कॅलरी खर्च होतात आणि एका वडापावात त्याहून जास्त असतात. म्हणून भाकरी-भाताचे प्रमाण कमी करून डाळ, उसळ, अंडी, ताक आणि भाजी वाढवावी. चहातली साखर व गूळ दोन्ही कमी करावेत. ८० किलोच्या माणसाने ४ किलो जरी घटवले, तरी रक्तदाब आणि साखर सुधारण्यास मदत होते. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आहार, आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम आणि सुमारे ७ टक्के वजनघट हे लक्ष्य ठेवलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले.

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावे. व्यायाम करताना छातीत दुखले, दम कोंडला किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. सुट्टी पडली तर दुप्पट करून भरपाई करू नये. दुसऱ्या दिवशी नेहमीइतकाच व्यायाम पुन्हा सुरू करावा.